कुत्रा हा इमानी प्राणी आहे

कुत्रा हा इमानी प्राणी आहे. त्याला चार पाय, दोन कान व एक शेपूट असते. तो घराची राखण करतो.

तिसरी-चौथीच्या वह्या तपासायला घेतल्या की हा कुत्रा मला भेटतोच. वर्ग बदलतात, मुलं बदलतात, कुत्रा तोच. कधी त्याच्या जागी गाय येते आणि ती उपयुक्त असते, कधी आई येते आणि ती प्रेमळ असते. अक्षर वळणदार, शुद्धलेखन बिनचूक, शेवटी ‘म्हणून मला कुत्रा फार आवडतो’. आणि एवढं सगळं वाचून या मुलाच्या घरी कुत्रा आहे की नाही, हेसुद्धा कळत नाही.

एकाच्या घरी होता. मधल्या सुट्टीत तो मित्रांना सांगत होता आणि मी ऐकत होते. वीज कडाडली की त्यांचा कुत्रा पलंगाखाली जाऊन बसतो आणि तिथूनच भुंकतो. “म्हणजे राखण करतो, पण बाहेर येत नाही!” असं म्हणून तो स्वतःच खो खो हसत होता आणि पलंगाखालून डोकावणारं नाकही करून दाखवत होता. मी विचारलं, हे का नाही लिहिलंस रे निबंधात? तो गडबडला. म्हणाला, “बाई, निबंधात असं चालतं?”

त्याला कोणी तसं बजावलेलं नव्हतं. पण न सांगितलेले नियम मुलांना सगळ्यात आधी कळतात. वही कोणाला काही सांगण्यासाठी नसते, तपासून घेण्यासाठी असते, हा त्यातला पहिला नियम. तपासणाऱ्याला कुत्र्याशी काही देणंघेणं नसतं, त्याला चुका हव्या असतात. मग शहाण्या मुलाने काय करावं? चूक होणारच नाही असं लिहावं. खरा कुत्रा पलंगाखालीच राहतो.

मुलांचं लेखन कसं सुधारावं, असं पालक विचारतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक वेळा अक्षर आणि शुद्धलेखन असतं. दोन्ही महत्त्वाचं आहे, त्याकडे येतेच. पण माझ्या मते मुलाला सगळ्यात आधी वाचक मिळायला हवा. त्याला काय म्हणायचंय ते जाणून घ्यायची खरोखर उत्सुकता असलेला वाचक. तपासनीस मागाहून आला तरी चालतो.

लेव वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने याचं कारण फार नेमकं सांगून ठेवलंय. त्याचं हे लिखाण १९३४ सालचं, त्याच्या मृत्यूच्या वर्षी छापलं गेलेलं. लेखन म्हणजे समोर कोणी नसताना केलेलं बोलणं, असं तो म्हणतो. बोलताना समोर माणूस असतो. तो मान हलवतो, भुवया उंचावतो, “कोण? कुठला कुत्रा?” असं मध्येच विचारतो आणि त्या टेकूवर आपलं बोलणं पुढे सरकतं. लिहिताना हे सगळं नाहीसं होतं. न दिसणारा ऐकणारा मनात उभा करायचा आणि त्याला काय ठाऊक आहे, काय नाही, याचा अंदाज घेत वाक्यं रचायची. मोठ्यांनाही हे सहज जमत नाही (कार्यालयीन पत्रं वाचून पाहा). आठ वर्षांच्या मुलाला तर कोणी ऐकतंय याचा अनुभव आधी भरपूर यावा लागतो, तेव्हा कुठे तो ऐकणारा मनात तयार होतो.

त्यात हाताचं काम वेगळंच. आपल्याला लिहिताना हात आठवत नाही, मुलाला हाताशिवाय दुसरं काही आठवत नाही. ‘कि’ ऐकताना आधी क येतो, लिहून झाल्यावर वेलांटी मात्र डावीकडे दिसते. ‘सूर्य’मधला र उच्चारात य च्या आधी, कागदावर मात्र य च्या डोक्यावर. ‘क्ष’ कुठून सुरू करायचा, ‘ज्ञ’ची गाठ कोणत्या बाजूला, शिरोरेषा आधी की नंतर. हे सगळं सांभाळताना डोक्यातलं वाक्य धरून ठेवायचं. अर्ध्या वाटेवर ते निसटतं आणि मूल पेन्सिल तोंडात घालून खिडकीबाहेर बघायला लागतं. आपण म्हणतो, लक्ष नाही. लक्ष असतं, ते ‘ष्ट’मध्ये अडकलेलं असतं.

म्हणून हाताचा सराव आणि विचारांचं लेखन या दोन गोष्टी सुरुवातीला वेगळ्या ठेवाव्यात. मारिया मॉन्टेसरीने १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत बालगृह सुरू केलं, तिथे तिने हेच केलं होतं. मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवायची, म्हणजे हाताला वळण कळायचं. शब्द जुळवायला मात्र सुटी अक्षरं हाताशी असायची, ती उचलून मांडायची. मांडणाऱ्या मुलाला पेन्सिलशी झुंजावं लागत नव्हतं. दोन्ही तयारी झाल्यावर मुलं जणू एका दिवसात लिहू लागली, असं तिने नोंदवलंय. ‘एका दिवसात’ सोडून देऊ, पण मधली युक्ती घेण्यासारखी आहे.

हाताचा सराव थोडा आणि रोज असावा. दहा-पंधरा मिनिटं पुरतात, त्यापुढे बोटं दुखतात आणि अक्षर बिघडायलाच लागतं. एकाच वळणाची अक्षरं एकत्र घ्यावीत: व, ब, क एका दिवशी, ग, म, भ दुसऱ्या दिवशी. पाय जमिनीला टेकलेले असावेत. हे ऐकून लोक हसतात, पण लोंबकळत्या पायांनी बसलेलं मूल तोल सांभाळण्यातच थकतं. डावखुऱ्या मुलाची वही जरा डावीकडे सरकवून उजवीकडे कलती ठेवावी आणि त्याला पेन्सिल टोकापासून थोडी वर धरायला शिकवावं, म्हणजे लिहिलेलं हाताखाली झाकलं जात नाही, पुसलंही जात नाही. आणि शिक्षा म्हणून ‘शंभर वेळा लिही’ हे घरातून आणि शाळेतून कायमचं जावं. लिहिणं म्हणजे भोगायची गोष्ट, एवढंच मूल त्यातून शिकतं.

विचारांच्या लेखनासाठी काय करायचं, तर आधी बोलू द्यायचं. माझ्या वर्गात लिहायला बसण्यापूर्वी प्रत्येक जण शेजारच्याला आपली गोष्ट सांगतो. शेजाऱ्याने ऐकून दोन प्रश्न विचारायचेच, असा नियम आहे. वर्गात गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाच्या बाई दारातून डोकावतात. पण त्यानंतर वहीत जे उतरतं ते वेगळं असतं, कारण वाक्यं एकदा तोंडातून जाऊन आलेली असतात आणि कोणाला तरी ती ऐकायची होती, हे कळलेलं असतं. ज्यांचा हात अजून रखडतो, त्यांची गोष्ट मी त्यांच्याच शब्दांत लिहून घेते. त्यांच्याच म्हणजे त्यांच्याच, माझी सुधारणा न करता. मग ती त्यांच्याकडून वाचून घेते. आपलं बोलणं कागदावर बसलेलं पाहिलं की मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो. घरी आई-बाबांना, आजी-आजोबांना हे सहज करता येईल. चार ओळी तुम्ही लिहा, पाचवी त्याला लिहू द्या.

आता शुद्धलेखन. इथे माझं मत सगळ्यांना पटत नाही, पालकसभेत तर नाहीच.

मूल चुकतं तेव्हा ते बहुतेक वेळा कान लावून चुकतं. ‘स्वच्छ’चं ‘सोच्छ’, ‘पाऊस’चा ‘पाउस’, ‘लिहिलं’चं ‘लिवलं’. चार्ल्स रीड या भाषाअभ्यासकाने १९७१ मध्ये शाळेत न गेलेल्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचं लेखन तपासलं. कोणी न शिकवता ती मुलं स्वतःच स्पेलिंग बनवत होती. ‘ट्रक’ची सुरुवात काही जण ‘च’साठी लागणाऱ्या अक्षरांनी करत, कारण इंग्रजी उच्चारात तो ट च च्या जवळ जातो. एकमेकांना न भेटलेली मुलंही सारख्याच चुका करत होती. म्हणजे त्या चुकांमागे विचार होता. ‘सोच्छ’ लिहिणाऱ्या मुलाने आवाजाचे तुकडे करून प्रत्येकाला अक्षर शोधलंय. त्याला शून्य देण्याआधी एवढं तरी मान्य करावं.

आपल्या ऱ्हस्व-दीर्घाची गोष्ट आणखी अवघड. बोलताना तो फरक आता फारसा ऐकूच येत नाही, मग मूल काय ऐकून लिहिणार? ते नियमाने आणि डोळ्यांनी शिकायचं असतं, म्हणजे वाचून. मी एका वेळी एकच गोष्ट धरते. या पंधरवड्यात फक्त शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी: ती सहसा दीर्घ. आपल्याच लेखनातले असे शब्द मुलं शोधतात, स्वतः दुरुस्त करतात आणि ‘आणि’ सापडला की “बाई, हा नियम मोडतोय!” असं ओरडतात. बाकीच्या चुका मला दिसतात, पण त्या पंधरवड्यात मी त्यांना हात लावत नाही. पान लाल झालं की मूल पुढच्या वेळी कमी चुकत नाही, कमी लिहितं. ‘आश्चर्य’ लिहिता येत नाही म्हणून ‘मला आनंद झाला’ लिहून मोकळं होतं आणि आश्चर्य जातं ते जातंच.

नुसतं व्याकरण घोटून लेखन सुधारत नाही, हे म्हणणारी मी पहिली नाही. अमेरिकेतल्या इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेसाठी रिचर्ड ब्रॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. सुटं व्याकरण शिकवण्याचा लेखनावर परिणाम नगण्य, किंबहुना लिहिण्याचा वेळ त्यात जातो म्हणून नुकसानकारकही, असा त्यांचा निष्कर्ष होता. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांवरच्या अभ्यासांचा पुन्हा आढावा घेतला, तेव्हाही सुट्या व्याकरणाच्या पदरी काही पडलं नाही. उपयोग दिसला तो छोटी वाक्यं जोडून मोठं वाक्य करण्याच्या सरावाचा. हा सराव मला आवडतो, कारण तो खेळासारखा होतो. ‘मला पोहता येत नाही’ एवढं फळ्यावर लिहायचं आणि पुढे ‘कारण’, ‘पण’, ‘म्हणून’ असे तीन रस्ते द्यायचे. एकीने लिहिलं, ‘मला पोहता येत नाही पण मी कोणाला सांगितलेलं नाही.’ उभयान्वयी अव्यय म्हणजे काय, हे तिला नंतर कधीही कळेल.

आणखी एक नाजूक बाब. घरात ‘म्हनली’, ‘व्हतं’, ‘न्हाई’ असं बोलणारं मूल तसंच लिहितं आणि आपण ते ‘अशुद्ध’ म्हणून खोडतो. त्या क्षणी त्याची आजीच खोडली जाते. मी असं सांगते की गोष्टीतली माणसं जशी बोलतात तशीच बोलू देत, अवतरणचिन्हात. मधलं निवेदन पुस्तकातल्यासारखं कर. दोन भाषा त्याच्या हाती येतात, एक गमवावी लागत नाही. आणि खरं सांगायचं तर संवाद याच मुलांचे चांगले असतात.

सगळ्या छोट्या लेखकांचा आवडता शब्द ‘मग’. मग आम्ही उठलो, मग गेलो, मग खेळलो, मग परत आलो. मोठी माणसं या ‘मग’ला वैतागतात. कार्ल बेरायटर आणि मार्लीन स्कार्डमालिया या कॅनडातल्या संशोधकांनी १९८७ मध्ये याचं चांगलं स्पष्टीकरण दिलं. नवखा लेखक विषय ऐकतो, त्यावर आठवेल ते सांगतो, मग पुढचं आठवेल ते. आठवणं थांबलं की निबंध संपला. उलगडणं, निवडणं, पुढचं मागे नेणं हे लेखकाचं काम नंतर येतं. त्यांच्या प्रयोगांत आणखी एक गंमत होती: मुलाने लिहिणं थांबवल्यावर ‘आणखी काही सांगता येईल का?’ एवढंच म्हटलं तरी मुलं बरंच जास्त लिहीत. त्यात मदत काही नव्हती, फक्त कोणाला तरी आणखी हवंय एवढी खूण होती. मी ‘छान वर्णन कर’ असं आता म्हणत नाही. त्याने मुलं ‘निळेशार आकाश’ आणि ‘हिरवेगार गवत’ आणून ठेवतात. मी विचारते, पलंगाखाली तो नक्की कुठे बसतो? भिंतीला चिकटून की कडेला? शेपूट दिसते का? उत्तरं लिहिली की वर्णन झालेलं असतं.

वाचक कसा मिळवून द्यायचा, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण सेलेस्टँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाचं. पहिल्या महायुद्धात त्याची फुप्फुसं जखमी झाली. तासन्‌तास मोठ्याने शिकवणं त्याला झेपेना. दक्षिण फ्रान्समधल्या बार-स्यूर-लूप या डोंगराळ गावातली छोटी शाळा त्याच्याकडे होती. १९२४ मध्ये त्याने वर्गात हाताने चालवायचं छापखान्याचं यंत्र आणलं. मुलं फिरून यायची, पाहिलेलं-घडलेलं लिहायची, त्यातलं कोणतं छापायचं हे वर्गाने ठरवायचं आणि एकेक खिळा (म्हणजे छपाईचं सुटं अक्षर) जुळवून ते छापायचं. १९२६ मध्ये त्याने ही पानं फ्रान्सच्याच दुसऱ्या टोकाला असलेल्या ब्रिटनी प्रांतातल्या, समुद्राकाठच्या एका शाळेला पाठवायला सुरुवात केली आणि तिकडून तिथल्या मुलांची पानं यायला लागली. डोंगरातल्या मुलांचं लिखाण आता अशा मुलांच्या हाती पडणार होतं, ज्यांनी ते डोंगर पाहिलेलेच नव्हते. तिथे ‘आमचे गाव सुंदर आहे’ लिहून कसं भागेल? शिवाय एकेक अक्षर खिळ्यांत जुळवायचं म्हटल्यावर फालतू शब्द आपोआप गळतात, आणि छापून दूर जाणाऱ्या पानात चूक राहू नये असं मुलालाच वाटतं. शुद्धलेखनाला तिथे कारण मिळालं. यंत्र नसलं तरी दुसऱ्या वर्गाशी, दुसऱ्या शाळेशी पत्रव्यवहार आजही करता येतो.

पुन्हा लिहिणं, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘परत सगळं?’, हाही वाचकाचाच प्रश्न आहे. ‘अधिक नीट लिही’ हे कारण मुलाला पटत नाही आणि ते बरोबरच आहे. आम्ही एक प्रयोग करतो. एका गटाने नवा खेळ शोधायचा आणि त्याचे नियम लिहून दुसऱ्या गटाला द्यायचे. दुसरा गट कागदावर आहे तेवढंच करणार. लिहिणाऱ्यांनी जवळ उभं राहायचं, पण एक शब्द बोलायचा नाही. ‘चेंडू घ्या व पळा’ असं लिहिलेलं असतं. कुठे, ते लिहिलेलं नसतं. खेळणारे चेंडू घेऊन मैदानाबाहेर पळत सुटतात. ‘नंतर त्याने आऊट करावे’ यातला ‘त्याने’ म्हणजे कोण, यावर भांडण होतं. लिहिणारे तोंड दाबून उड्या मारत असतात. खेळ संपला की मला काही सांगावं लागत नाही, कागद हिसकावून घेऊन ते परत लिहायला बसलेले असतात. सर्वनामाचा गोंधळ, पायऱ्यांचा क्रम, राहून गेलेली माहिती, जे मी महिनाभर फळ्यावर सांगितलं असतं ते सगळं दुसऱ्या खर्ड्यात आलेलं असतं.

यासाठी शाळेत वेळ कुठे आहे, हा प्रश्न खरा आहे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१२ मध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत पहिलीपासून रोज एक तास लेखनासाठी राखावा असं म्हटलंय: अर्धा तास शिकवायला, अर्धा मुलांनी लिहायला. हा तास वेगळा काढणं जमलं नाही तर विज्ञानातलं निरीक्षण, गणितातलं उदाहरण कसं सोडवलं त्याचं वर्णन, हेही लेखनच आहे. फळ्यावरून उतरवून घेणं मात्र यात धरू नये. आपल्याकडे ‘मुलं दिवसभर लिहितच असतात’ असं म्हणतात, त्यातलं बरंचसं उतरवणं असतं.

घरी काय करावं? निबंध लिहून देऊ नये, हे पहिलं. बाबांच्या हातचा निबंध मला पहिल्या ओळीत ओळखू येतो. तिसरीतलं मूल ‘तद्वतच’ म्हणत नाही. रोज मोठ्याने वाचून दाखवावं, मूल स्वतः वाचायला लागलं तरीही, कारण पुस्तकी वाक्याची लय कानातून शिरते. मुलाने दाखवलेल्या कागदावर पहिली प्रतिक्रिया अक्षराबद्दल नसावी. हसू आलं तर हसावं, कळलं नाही तर ‘इथे मला कळलं नाही’ म्हणावं. डायरी लिहीत असेल तर न विचारता उघडू नये. एकदा उघडलेली डायरी पुन्हा खरी लिहिली जात नाही. आणि एखादं मूल बोलतं भरभरून, वाचतंही, पण प्रयत्न करूनही लिहिताना सतत अडत असेल, पटकन थकत असेल, तर त्याला आळशी ठरवण्याआधी डोळे तपासून घ्यावेत आणि लेखन-अक्षमता आहे का ते तज्ज्ञाला विचारावं. अशा मुलांना तोंडी सांगण्याची किंवा टंकलेखनाची मुभा दिली की त्यांच्याकडे सांगण्यासारखं किती आहे ते दिसतं.

सगळ्यात चांगलं म्हणजे घरात लिहिण्याची खरी गरज तयार करावी. एका आईने ठरवलं की लेकीच्या सगळ्या मागण्या यापुढे लेखी घेईन. पहिली चिठ्ठी आली: ‘मला सुट्टीच्या दिवशी उशिरा झोपायचं आहे. प्लीज.’ आईने खाली लिहिलं, ‘का?’ दुसरी आली: ‘कारण सगळे उशिरा झोपतात.’ आईने लिहिलं, ‘सगळे म्हणजे कोण?’ तिसरी चिठ्ठी यायला दोन दिवस लागले. ‘मी वेळेवर पडते पण मला झोप येत नाही. मी छताकडे बघत बसते. त्या वेळात माझं पुस्तक वाचून होईल. तूच म्हणतेस की वाचत जा. म्हणून मला अर्धा तास दिवा चालू ठेवायला दे, मग मी स्वतः बंद करीन. नाही केला तर परवानगी परत घे.’ ‘परवानगी’ आधी चुकीचा लिहून खोडलेला होता आणि वर बरोबर लिहिलेला होता, कोणी न सांगता.

चिठ्ठी घेऊन ती आई माझ्याकडे आली. “बाई, आता काय करू? बिनतोड आहे हो.” मी म्हटलं, उत्तर लेखी द्या.